मार्थाबाई नाशिकला गेल्यात

एक्स्चेंजच्या बोर्डावर प्रत्येक नंबराला एक लहानशी पितळी झडप होती. गावात कोणी टेलिफोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबराची झडप खट्‌कन खाली पडायची. मग मी कॉर्डचा प्लग झडपेखालच्या भोकात घालायचा, 'की' म्हणजे लाइनवर बोलायची लहान दांडी पुढे ढकलायची आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." सकाळी ड्यूटीवर बसलं की सुरुवातीला एखाद-दुसरीच झडप पडे. मग आडत्यांची दुकानं उघडत, मुंबईचे भाव यायला लागत आणि तापल्या तव्यावर मका टाकावा तसा सगळा बोर्ड तडतडायला लागे. आज इतक्या वर्षांनी मला त्या काळातले चेहरे नीट आठवत नाहीत, माझ्या शेजारी कोण बसायचं हेही सांगता येणार नाही, पण तो खट्‌ आवाज मात्र कानात जसाच्या तसा आहे.

आमचं घर श्रीरामपुरात, जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या चाळीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा आडोसा, आडोशात चूल. बाबा जिनिंगमध्ये प्रेसवर होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांवर कापूस बसलेला असे आणि आई त्यांना आधी दाराबाहेर झटकून घेई. मी नोकरीला लागले त्या वर्षी मात्र पाऊस नव्हता, कापूस नव्हता, जिनिंग बंद होती. भोंगा वाजेनासा झाला तेव्हा कळलं की आमचं सगळं घर त्या भोंग्यावर उठत-बसत होतं. बाबा सकाळी उठून आवरून बसत आणि मग त्यांना काय करावं ते सुचत नसे. रेशनवर लाल मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना कडा फुटत, गार झाली की ती दाताला खडीसारखी लागे. आई ती पाण्याचा हात लावून कशीबशी उलटायची, सोबत शेंगदाण्याचं पातळ कालवण, रविवारी चर्चहून आल्यावर सुकट. कोणी कुरकुर केलेली मला आठवत नाही. आमच्या घरात जे पानात येई त्यासाठी आधी डोळे मिटून आभार मानायची रीत होती, आणि बाबा मिलोच्या भाकरीसाठीही तेवढाच वेळ डोळे मिटत.

मी पदवीधर झाले ती माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या जिवावर. तिचं नाव रूथ. ती मॅट्रिकनंतर मास्तरकीचं शिक्षण घेऊन खर्ड्याला प्राथमिक शाळेत लागली आणि पगारातून माझं कॉलेज करत राहिली. गणित घेऊन मी बी. ए. झाले तेव्हा तिनं पत्रात एवढंच लिहिलं, "आता तू माझ्यापेक्षा हुशार, तर पत्रातल्या चुका काढत जा." तिचं लग्नही तिथल्याच एका शिक्षकाशी झालं. त्यांना आम्ही दाजी म्हणायचो. अबोल माणूस. आमच्याकडे आले की आईला पाणी भरू लागायचे आणि त्यावरून चाळीतल्या बायका हसायच्या.

टेलिफोनच्या नोकरीचा कागद आला त्या दिवशी बाबांनी तो घडी न मोडता सगळ्या चाळीत फिरवून आणला. पहिल्या दिवशी ते मला एक्स्चेंजच्या दारापर्यंत सोडायला आले आणि आत न येता बाहेर लिंबाखाली उभे राहिले. आमच्या सुपरवायझर देवधर बाई. कडक, पांढरी साडी, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बोर्डावर बसलात की तुम्ही कोणाची मुलगी नाही, कोणाची बहीण नाही. लाइनवर घरचं कोणी आलं तरी गप्पा नाहीत, नावानं हाक नाही. एकदा जरी कानावर आलं तरी तुमचं कायम होणं विसरा." मी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"मंग लायनीवर तू आमची कोन?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही."

"आन मी काय म्हनायचं मंग?"

"बाई म्हणा. सगळे म्हणतात."

"बरं बाई," बाबा म्हणाले आणि आई पदर तोंडाला लावून हसली. पुढे कितीतरी दिवस घरात तो खेळच झाला. "बाई, पानी द्या." "बाई, चपला कुटं हायेत?"

आमच्या घरी टेलिफोन असण्याचा प्रश्नच नव्हता. निरोप असला तर तो पलीकडच्या गल्लीत शांतीशेठांच्या आडतीच्या दुकानात यायचा. शेठ हौशी माणूस, टेलिफोन त्यांच्या गादीजवळच, गुळाच्या ढेपींच्या शेजारी. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा कॉल, तेव्हा दोन प्रकारचा असे. साध्या कॉलला पलीकडे कोणीही बोललं तरी पूर्ण पैसे. पीपी कॉल म्हणजे ठरावीक माणसासाठीचा. तो माणूस टेलिफोनवर आला तरच बोलण्याचे पैसे, "ते इथे नाहीत" असं उत्तर आलं तर नुसती थोडी फी. लोकांनी यातून वाट काढली होती. जगात नसलेल्या माणसाच्या नावानं पीपी लावायचा. पलीकडच्यांनी "ते इथे नाहीत" म्हणायचं. कोणतं नाव मागितलं यातच निरोप पोचलेला असायचा. आम्हा ऑपरेटरांना ही सगळी नावं पाठ झाली होती. अमक्या पेढीवर "गोविंदराव" मागितले की माल निघाला, "माधवराव" मागितले की माल अडला. देवधर बाईंना हे अजिबात आवडत नसे, आणि मलाही आवडत नसे. सरकारनं मला नोकरी दिली होती, आणि त्याच सरकारला असं चुकवायचं मला पटत नव्हतं.

ताईला दिवस गेले तेव्हा मात्र आमच्याच घरात नावं ठरली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ताईच्या शाळेत दुष्काळी कामांवरच्या मजुरांच्या पोरांसाठी सुकडी, म्हणजे पिठा-गुळाचा पौष्टिक खाऊ, शिजायची आणि ती वाटायचं काम तिच्याकडे होतं. "एवढा महिना काढते नि येते," असं म्हणत ती थांबली. दिवाळीनंतर भेटायला आली होती तेव्हा जेवणं झाल्यावर आम्ही चुलीपाशी बसलो होतो आणि तिनंच हसत हसत विषय काढला. न जाणो, तिकडेच झालं तर? मुलगा झाला तर दाजींनी शेठांकडे "दाविद मास्तर" मागायचे. मुलगी झाली तर "मार्थाबाई". शेठांना बाबा आधीच सांगून ठेवतील, म्हणजे ते म्हणतील, इथे नाहीत. झालं.

मी गणितवाली. मी म्हटलं, "आणि काही दुसरंच झालं तर? एक तिसरं नाव ठरवून ठेवू."

आईनं चुलीतलं लाकूड जोरात आत ढकललं. "इस्तर, अभद्र बोलू नको. लेकरू यायच्या आदी असलं कुनी ठरवतं का?"

"तिसरं म्हणजे जुळं झालं तर," ताई म्हणाली, आणि विषय तिथे हसण्यात संपला. माझं नाव एस्तेर, पण घरात सगळे इस्तरच म्हणत.

इथे मला थोडं पुढचं सांगावंसं वाटतं. खात्यातल्या परीक्षा देत देत मी पुण्याला आले आणि चाळिशी ओलांडल्यावर कॉम्प्युटर विभागात माझी बदली झाली. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांतली मशिनं रोज टेलिफोननं युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या आमच्या मशीनला जोडून द्यायची, हे माझं काम. त्यासाठी एक लहानशी संहिता लिहावी लागे. नंबर फिरव, पलीकडून "लॉगिन" हा शब्द येईपर्यंत थांब, आला की नाव पाठव, "पासवर्ड" आला की तो पाठव. पलीकडचा काय बोलेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, हे सगळं आधीच लिहून ठेवायचं. मला ते कोणी शिकवावंच लागलं नाही. माझ्याबरोबरची तरुण मुलं आधी जोडणी कशी होईल ते लिहीत. मी आधी लिहायची ती दुसरीच ओळ: लाइन बिझी असेल तर सोडून दे, पलीकडून सूरच आला नाही तर सोडून दे, भलतंच काही आलं तर थांबू नकोस. ती मुलं हसायची. "मॅडम, तुम्ही सुरुवातच अपशकुनानं करता." मी ती ओळ तशीच ठेवत असे.

तर, ताईच्या निरोपाचा तो दिवस कोरडा, पांढऱ्या उन्हाचा. मी सकाळच्या ड्यूटीवर होते. खर्ड्याचा माणूस श्रीरामपूरशी बोलायचा तर खर्ड्याचं पोस्ट जामखेडला विचारी, जामखेड नगरला, आणि नगरची ऑपरेटर मला. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती मला "श्रीरामपूर" म्हणायची आणि मी तिला "नगर".

"श्रीरामपूर, खर्ड्याहून पीपी घ्या," ती म्हणाली आणि शेठांचा नंबर सांगितला. "पार्टी मार्थाबाई."

नंबर आणि नाव परत म्हणून दाखवायचा नियम होता. मी म्हणाले, "पार्टी मार्थाबाई." माझा आवाज बदलला नाही याचं मला बरं वाटलं. शेठांना रिंग दिली.

"खर्ड्याहून पीपी आहे. मार्थाबाई आहेत का?"

 शेठ दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मार्थाबाई? अरेरे. त्या तर नाशिकला गेल्यात हो. आत्ताच गेल्या. कळवतो मी त्यांच्या माणसांना, ताबडतोब कळवतो."

मी नगरला सांगितलं, पार्टी हजर नाही, नाशिकला गेली आहे. पलीकडे लांबवर दाजींचा आवाज आला, "बरं, बरं," आणि लाइन सुटली. मी कॉलच्या तिकिटावर 'रद्द' अशी नोंद केली. ताईला मुलगी झाली होती, आणि ते त्या क्षणी शेठ, मी आणि एका तारेवरची दोन-तीन माणसं सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. देवधर बाई मागून फेऱ्या घालत होत्या. माझ्या खुर्चीमागे त्या थांबल्या.

"नाशिकला गेल्या का मार्थाबाई?"

मी मान खाली घातली.

"तब्येत ठीक आहे ना त्यांची?"

"हो बाई."

"मग झालं तर. बोर्डाकडे लक्ष द्या," असं म्हणून त्या पुढे गेल्या, पण चहा आला तेव्हा माझ्या कपात त्यांनी आपल्या हातानं जास्तीची साखर घातली.

दुपार झाली होती. झडपा कमी झाल्या होत्या. नगरनं पुन्हा बोलावलं.

"श्रीरामपूर, जामखेडहून पीपी," असं म्हणून तिनं नंबर सांगितला. पुन्हा शेठांचा. "पार्टी शमुवेल बाबूराव."

ते माझ्या बाबांचं नाव. मी ते परत म्हणून दाखवलं, "पार्टी शमुवेल बाबूराव." या नावाचा माणूस खरा होता, श्रीरामपुरात होता आणि टेलिफोनवर येऊ शकत होता. म्हणजे दाजींना बोलायचं होतं. आम्ही ठरवलेल्या दोन नावांत बोलायची गरजच ठेवलेली नव्हती. आणि कॉल खर्ड्याहून नव्हता, जामखेडहून होता, जिथे दवाखाना आहे. हे सगळं मला एकदम कळलं आणि कळल्यावर आत काहीच हललं नाही. हात प्लगकडे गेला, रिंग दिली.

शेठ रंगात होते. "आता कोण? दाविद मास्तर? जुळं झालं का काय?"

"जामखेडहून पीपी. शमुवेल बाबूराव."

 गादीवरून उठताना शेठांच्या गुडघ्यांचा कटकट आवाज मला ऐकू आला. कोणाला न पाठवता ते स्वतःच निघाले आणि म्हणाले, "बोलावतो. लाइन सोडू नका." रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज, मग तराजूच्या साखळ्यांचा, मग रस्त्याचा.

"हॅलो, लागला का श्रीरामपूर? हॅलो," दाजी विचारत होते.

"लागला आहे. पार्टीला बोलवायला गेलेत. लाइनवर थांबा."

"बरं बाई."

त्यांनी मला ओळखलं नाही. ते थांबले, मीही थांबले. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. मी विचारलं नाही. नियम होता, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी नियमाखेरीज माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. त्याला धरून मी बसले होते. समोरच्या पट्टीवर कोणीतरी खडूनं केलेली एक खूण होती, तिच्याकडे बघत होते. लाइनवर बाबा आले, नेहमीसारखे ओरडतच. त्यांना वाटायचं, लांबचा माणूस म्हणजे मोठ्यानं बोललं पाहिजे.

"ह्यालो!"

"जामखेडहून कॉल आहे. बोला," मी म्हटलं आणि की मागे घेतली. की मागे घेतली की आपल्याला काही ऐकू येत नाही.

घड्याळाखाली बसून मी वेळ पाहत राहिले. मध्ये साखर कारखान्याची झडप पडली, त्यांना मुंबई हवी होती, त्यांचं बुकिंग घेतलं. अक्षर नीट आलं. मग वेळ भरली. तीन मिनिटं झाली की लाइनवर जाऊन विचारावं लागे, हाही नियमच. मी की पुढे केली.  नुसती तारेची सळसळ आणि त्यात कोणाचा तरी श्वास, दोघांपैकी कोणाचा ते मला कळलं नाही.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

बाबा हळू बोलले. टेलिफोनवर ते इतकं हळू बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "नको बाई. झालं बोलून."

मी प्लग काढला. कॉर्ड आपल्या वजनानं खाली गेली. तिकिटावर वेळ घातली, सही केली, पुढची झडप उचलली. देवधर बाईंनी ते तिकीट उचलून वाचलं असावं, कारण थोड्या वेळानं त्या येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "उठा. घरी जा."

"ड्यूटी संपायला वेळ आहे, बाई."

"मी बसते." आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हेडसेट काढून आपल्या डोक्यावर चढवला. त्या बोर्डावर बसलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

घरी चुलीवर गुळाची लापशी होती. सकाळी शेठांचा निरोप आल्यावर आईनं चाळीत वाटायला मोठ्या पातेल्यात केली होती. अर्धी वाटून झाली होती. आई भिंतीला टेकून बसली होती आणि शेजारणी तिच्याभोवती. बाबा दारात उभे होते. मला बघून म्हणाले, "रूथी गेली, इस्तर. रगत थांबना. कामावरच्या जीपमदी घालून जामखेडला नेत हुते, वाटंतच गेली. लेकरू चांगलं हाय." मी "हो" म्हटलं. पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या. कोणीतरी माझ्या हातात लापशीची वाटी दिली, सवयीनं, आणि मी ती तिथेच उभी राहून खाल्ली. ती गोड होती एवढं आठवतं. रडू त्या दिवशी आलं नाही, खर्ड्याच्या दफनभूमीतही आलं नाही. लोक म्हणाले, शिकलेली आहे, सावरून आहे.

दाजींनी मुलगी आमच्याकडे दिली. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी नाव विचारलं तेव्हा कोणी काही ठरवलेलं नव्हतं. आईच पुढे होऊन म्हणाली, "मार्था." दुसरं कोणतं असणार? ती त्याच नावानं घरी आली होती. शांतीशेठ शेवटपर्यंत तिला मार्थाबाई म्हणत आणि आली की गुळाचा खडा देत, पण नाशिकची थट्टा त्यांनी पुन्हा कधी केली नाही. मी त्या नोकरीत कायम झाले. ताई गेली त्या दिवशी लाइनवर बाबांनी मला ओळखलं नाही, असं मी धरून चालले होते. सगळ्या ऑपरेटर सारख्याच बोलतात, आणि त्या वेळी त्यांना कोणाचा आवाज कळणार होता? त्यांना ते न कळलेलं बरं, असंही मला वाटे. म्हणून मी कधी विषय काढला नाही. आमच्या घरात तो दिवस कोणीच काढला नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे पुण्याला राहायला आले. तेव्हा ऑफिसनं मला घरी एक कॉम्प्युटर दिला होता, सुट्टीच्या दिवशी घरून मशीन बघता यावं म्हणून. त्याच्यावर युनिक्सचाच एक भाऊबंद बसवलेला. एका रविवारी चर्चहून आल्यावर मी मोडेमची, म्हणजे टेलिफोनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्याची, जोडणी करत होते. संहिता अजून लिहिली नव्हती, आधी सगळं हातानं करून बघायचं होतं. नंबर फिरला आणि मोडेम किंचाळायला लागला. बाबा खुर्चीत चहा पीत बसले होते.

"काय केकाटतंय गं ते?"

"दोन मशिनं एकमेकांचा सूर जुळवतात, बाबा. जुळला की पलीकडचं नाव विचारतं. आपण नाव सांगायचं, मग ते आत घेतं."

"हां," ते म्हणाले. बशीतला चहा संपवला. मग बशी मांडीवर ठेवून म्हणाले, "तवा म्या तुजं नाव घेतलं न्हाई."

"कधी?"

"रूथीच्या टायमाला. तू म्हनलीस, तीन मिन्टं झाली. माज्या तोंडात आल्तं, इस्तर म्हनून. पन तूच सांगितलं व्हतं, लायनीवर नाव न्हाई घ्यायचं, नोकरी जाईल. रूथीनं तुला शिकवलं, आन त्याच दिशी तुजी नोकरी घालवू का? म्हनून बाई म्हनलो."

"तुम्हाला कळलं होतं, मी आहे ते?"

"पयल्या 'बोला'लाच कळलं की."

मोडेमचा आवाज थांबला होता.  स्क्रीनवर लॉगिनची ओळ आली होती आणि तिच्यापुढे तो लहानसा चौकोन उघडमीट करत होता. मी कीबोर्डवर हात ठेवून तशीच बसले.

बाबा मान पुढे काढून बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही, पण ते इंग्रजी होतं.

"नाव इचारतंय का ते?"

"हो."

"मंग सांग की."

मी माझं नाव टाइप केलं.